एक कर्नल, तीन तऱ्हेच्या पेट्या

या महिन्यात आलेल्या पत्रांतलं पहिलं पत्र इतकं नेमकं होतं, की निम्म्याहून जास्त जागा त्यालाच दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : आमची छोटी कंपनी दूध संकलन केंद्रांना पेट्या पुरवते. पेटी वजनकाट्याला आणि फॅट मोजायच्या यंत्राला जोडलेली असते. ती शेतकऱ्याची पावती छापते आणि आकडे संघाच्या ऑफिसला पाठवते. सुरुवातीच्या पेट्यांत इंटेलचा मिनी-पीसी होता, मधल्यांत बीगलबोन ब्लॅक, आता रास्पबेरी पाय ४ आहे, हे दोन्ही एआरएम प्रोसेसरचे छोटे बोर्ड. तिन्हींवर डेबियन लिनक्स चालतं. काट्याच्या यूएसबी-सिरियल ड्रायव्हरला एक छोटा पॅच (कोडमधला बदल) लागतो, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आम्हीच बांधतो. पण तीन मुलांनी तीन वेळी लिहिलेल्या तीन स्क्रिप्ट आहेत. एकीतून निघणाऱ्या पॅकेजच्या नावात अधिकचिन्ह (+) येतं, दुसरीत येत नाही, तिसरी तर नुसती टार फाइल बनवते. सगळं एका स्क्रिप्टमध्ये आणता येईल का? (कऱ्हाड)

उत्तर : येईल. पण एकाच फाइलमध्ये 'एआरएम असेल तर हे, नाहीतर ते' असं चाळीस वेळा लिहिलंत, तर ती एक स्क्रिप्ट होणार नाही. तीन स्क्रिप्टांची खिचडी होईल. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तिन्ही प्रोसेसरांच्या पॅकेजांतला माल सारखा असूच शकत नाही. सारखी हवी ती वरची चिठ्ठी : नाव, आवृत्ती, फाइली कुठे उतरणार आणि उतरल्यावर कोणाला हाक मारायची.

घोळ नावांपासूनच सुरू होतो. गावात एखादा घरी बाळू असतो, शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण आणि सातबाऱ्यावर बाळकृष्ण रामचंद्र. तुमच्या पेट्यांचं तसंच आहे. मिनी-पीसीला कर्नलचा सोर्स (मूळ कोड) एक्स८६ म्हणतो, 'यूनेम -एम' ही आज्ञा एक्स८६_६४ म्हणते आणि डेबियन एएमडी६४ म्हणतं, मग चिप इंटेलची का असेना. पाय ४ हा सोर्सला आणि डेबियनला एआरएम६४, पण यूनेमला एआर्च६४. बीगलबोन तर सोर्समध्ये एआरएम, यूनेममध्ये एआरएमव्ही७एल, डेबियनमध्ये एआरएमएचएफ. तुमच्या तीन मुलांनी ही नावं आपापल्या सोयीनं वापरली असणार, पैजेवर सांगते. म्हणून पहिली फाइल नावांच्या तक्त्याची करा. एका प्रोसेसरला एक ओळ : सोर्समधलं नाव, डेबियनमधलं नाव, क्रॉस-कंपायलरचा (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी बांधणारा प्रोग्राम) उपसर्ग. स्क्रिप्टनं ही ओळ वाचायची आणि पुढे कुठेही प्रोसेसरचं नाव घ्यायचं नाही.

कर्नलच्या फाइलचं नाव या तक्त्यात घालू नका. एक्स८६ वर ती बीझेडइमेज, ३२-बिट एआरएमवर झेडइमेज, एआरएम६४ वर नुसती इमेज किंवा दाबलेली इमेज.जीझेड. फरक नावापुरता नाही. पहिल्या दोन फाइली स्वतःच उलगडतात. एआरएम६४ ची दाबलेली इमेज बूटलोडरला (यंत्र चालू होताना कर्नल उठवणारा प्रोग्राम) उलगडावी लागते. (कर्नल ६.१ पासून ईएफआय या तऱ्हेचं फर्मवेअर असलेल्या यंत्रांसाठी स्वतः उलगडणारी फाइल एआरएम६४ लाही बनवता येते, पण तुमच्या पेट्यांना तिचा उपयोग नाही.) नाव पाठ करण्यापेक्षा कर्नललाच विचारा. 'मेक -एस इमेज_नेम' म्हटलं की तो मार्ग छापतो. 'मेक -एस कर्नलरिलीज' म्हटलं की पूर्ण आवृत्ती छापतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे दोन प्रश्न विचारता येतात हेच ठाऊक नसतं. ते ग्रेप आणि सेड घेऊन मेकफाइल खणत बसतात.

आता तुमचं ते अधिकचिन्ह. सोर्स गिटमधून (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) घेतला, त्यावर पॅच चढवून कमिट केला, की झाड, म्हणजे सगळा सोर्स, मूळ आवृत्तीच्या टॅगवर राहत नाही. हे कळावं म्हणून कर्नल आवृत्तीच्या शेवटी अधिकचिन्ह जोडतो. दुसरा मुलगा टारबॉल उघडून बांधत असणार. तिथे गिटच नाही, म्हणून चिन्हही नाही. उपाय असा : लोकलव्हर्जन हे चल स्वतः ठरवून द्या, समजा '-दूध३', आणि कॉन्फिगमधलं (कर्नलमध्ये काय घालायचं त्याची यादी) लोकलव्हर्जन_ऑटो बंद ठेवा. मग चिन्ह येत नाही. पॅच बदलला की तीनचं चार करा, तिन्ही प्रोसेसरांसाठी एकदम. केंद्रावरून फोन आला, की 'यूनेम -आर काय म्हणतंय?' एवढं विचारायचं. तो 'दूध४' म्हणाला, की त्याच्या पेटीत कोणता पॅच आहे ते कळलं, मग पेटी कोणतीही असो.

हा आकडा न बदलण्याचा धोका मोठा आहे. तो मी कसा शिकले ते ऐका.

२०१३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन छाटणीच्या दिवसांत, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत आमची अकरा हवामान यंत्रं होती. ३२-बिट एआरएम बोर्ड, यूएसबीला ३जी डोंगल, वर सोलर पॅनेल. कर्नलचं पॅकेज मी हातानं बनवलेलं. त्याच्या नावात आवृत्ती नव्हती, नुसतं आमचं एक नाव. नवीन पॅकेज पाठवलं, ते सगळीकडे चढलं, यंत्रांना रीबूटची आज्ञा दिली आणि अकराच्या अकरा गप्प. झालं होतं असं. बोर्डाचा यू-बूट हा बूटलोडर 'यूइमेज' नावाची फाइल उचलायचा. माझ्या पॅकेजनं नवा कर्नल व्हीएमलिनझ या नावानं शेजारी ठेवला. यू-बूटनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, जुनाच कर्नल उठवला. तेवढं झालं असतं तर बिघडलं नसतं. पण पॅकेजचं नाव तेच असल्यामुळे डीपीकेजीनं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज चढवणाऱ्या प्रोग्रामनं, नवीन चढवताना जुन्याच्या फाइली काढल्या होत्या, त्यांत जुन्या मॉड्यूलांचं (कर्नलला लागतील तसे जोडायचे तुकडे) फोल्डरही गेलं. कर्नल जुना, मॉड्यूल नवे. डोंगलचा ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये, म्हणून नेटवर्क नाही, म्हणून दुरून दुरुस्ती नाही.

सिरियल केबल आणि लॅपटॉप घेऊन मी दोन दिवस टू-व्हीलरवर बागा हिंडले. यंत्रं जिवंत होती, पावसाच्या नोंदी इमानदारीनं स्वतःपाशी लिहीत होती. एका बागायतदारांनी चहा पाजला आणि म्हणाले, ''ताई, पाऊस कळवणाऱ्या यंत्राला रेंज कळत नाही होय?'' काय उत्तर देणार! डीपीकेजी सांगत होतं नवीन पॅकेज आहे, यूनेम सांगत होता जुना कर्नल आहे, आणि मी ऑफिसात बसून फक्त डीपीकेजीवर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून पॅकेजचा साचा मी हातानं बनवत नाही. कर्नलमध्येच 'मेक बिनडेब-पीकेजी' आहे. तो लिनक्स-इमेज आणि त्यापुढे पूर्ण आवृत्ती असं नाव देतो, त्यामुळे जुनं आणि नवीन पॅकेज एकाच वेळी यंत्रावर राहू शकतात. नवीन बिघडलं तर जुनं त्याच्या मॉड्यूलांसकट शाबूत असतं. मात्र आकडा न वाढवता पुन्हा बांधलंत, तर नाव तेच येणार आणि चालत्या कर्नलच्या पायाखालचं फोल्डर बदलणार. म्हणजे माझंच दिंडोरी प्रकरण पुन्हा.

हेच पॅकेज डिव्हाइस ट्रीच्या फाइलीही घेऊन जातं. मिनी-पीसीवर कोणती उपकरणं कुठे आहेत ते फर्मवेअर एसीपीआयमधून सांगतं. तुमच्या एआरएम बोर्डांना ती माहिती डीटीबी नावाच्या वेगळ्या फाइलीतून द्यावी लागते. पूर्वी ती कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स एआरएमच्या त्या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले आणि त्यानंतर डिव्हाइस ट्रीकडे जाण्याला जोर आला. तुमच्या तिसऱ्या मुलाची टारवाली स्क्रिप्ट बीगलबोनची डीटीबी सोर्समधून नाव घेऊन उचलत असेल, तर ती ६.५ च्या पुढे मोडलेली असणार. त्या आवृत्तीत ३२-बिट एआरएमच्या या फाइली चिप बनवणाऱ्यांच्या नावांच्या फोल्डरांत हलवल्या गेल्या. बीगलबोनची आता टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) आत, ओमॅपमध्ये आहे. हातानं उचलू नका, 'डीटीबीएस_इन्स्टॉल'ला उचलू द्या. बिनडेब-पीकेजी ते स्वतःच करतो.

आता राहिला बूटलोडर, आणि माझ्या मते बहुतेकांची चूक इथेच होते. तीन बूटलोडरांचं ज्ञान ते पॅकेजमध्ये घालायला बघतात. घालू नका. पॅकेजनं फाइली बूट फोल्डरात ठेवायच्या आणि ईटीसी-कर्नल-पोस्टइन्स्ट.डी मधल्या हुकांना (कर्नल चढला की आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) हाक मारायची. संपलं त्याचं काम. मिनी-पीसीवर तिथे ग्रब या बूटलोडरचा हुक असतो, तो मेन्यू नव्यानं लिहितो. बीगलबोनवर फ्लॅश-कर्नल बसवा. त्याच्याकडे बोर्डांची यादी असते, तो बोर्डाचं नाव वाचून बरोबर डीटीबी निवडतो आणि यू-बूटला लागेल तशी मांडणी करतो. पाय ४ वर डेबियनचं रास्पी-फर्मवेअर पॅकेज आहे. पायचं फर्मवेअर कार्डावरच्या एफएटी (दुधातला नव्हे, फाइली मांडायच्या पद्धतीचं नाव) विभागातूनच कर्नल उचलतं, म्हणून त्याचा हुक कर्नल आणि डीटीबी तिकडे नेऊन ठेवतो. प्रत्येक पेटीला आपला बूटलोडर ठाऊक असतो. ऑफिसात बसलेल्या बिल्ड सर्व्हरला तो ठाऊक असायची गरज नाही.

कॉन्फिगचं एका परिच्छेदात सांगते. तीन पूर्ण कॉन्फिग फाइली सांभाळू नका, सहा महिन्यांत त्या तीन दिशांना जातात. एक सामाईक तुकडा ठेवा, प्रत्येक प्रोसेसरचा एक छोटा तुकडा ठेवा आणि ते कर्नलच्याच मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टनं जोडा. डेबियनचा स्वतःचा कर्नलही असाच थरांनी बांधतात. उरलेले पर्याय आपोआप भरणाऱ्या नुसत्या 'ओल्डडेफकॉन्फिग'वर विसंबू नका, तो मुका आहे. समजा, सामाईक तुकड्यात काट्याच्या सीएच३४१ चिपचा ड्रायव्हर मागितला आणि एका प्रोसेसरच्या कॉन्फिगमध्ये यूएसबी-सिरियलच बंद असेल, तर तो तुमची मागणी न बोलता टाकून देतो. मर्ज_कॉन्फिग निदान बोंब मारतो, की मागितलेली किंमत शेवटच्या कॉन्फिगमध्ये नाही. ती बोंब दिसली, की स्क्रिप्टनं तिथेच थांबायचं. आणि बीगलबोनवर इनिटरॅमएफएस (सुरुवातीचे ड्रायव्हर घेऊन येणारी छोटी फाइल) वापरत नसाल, तर एमएमसी (कार्डाचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (कार्डावरची फाइल-पद्धत) मॉड्यूल म्हणून ठेवू नका, कर्नलच्या पोटातच घाला. कार्ड वाचायचा ड्रायव्हर कार्डावरच ठेवला, तर तो वाचणार कोण?

बाकी थोडक्यात. तिन्ही पेट्यांना एकच सोर्स घ्या. पायसाठी रास्पबेरीवाल्यांचं वेगळं झाड आणि बाकीच्यांना मूळ असं करत असाल, तर चिठ्ठी सारखी असूनही पॅच दोनदा लावावा लागतो. कॅमेरा आणि स्क्रीन नसलेल्या तुमच्या पेटीला मूळ झाडातला ६.१२ पुरतो. कंपायलर तिन्हींना एकाच आवृत्तीचा हवा, कारण कॉन्फिगमधले काही पर्याय कंपायलर पाहून दिसतात किंवा लपतात. डेबियनचे क्रॉस-जीसीसी एकाच प्रकाशनातून घ्या. नाहीतर कर्नलवर काम करणारे अर्न्ड बर्गमान कर्नल.ऑर्गवर ठेवतात ते वापरा, किंवा 'एलएलव्हीएम=१' म्हणून एका क्लँग कंपायलरवर सगळं भागवा. सोर्सचं फोल्डर स्वच्छ ठेवून 'ओ='नं प्रत्येक प्रोसेसरला वेगळं आउटपुट फोल्डर द्या.

पाठवण्याआधी क्यूईएमयूमध्ये (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) तिन्ही उठवून बघा, पण कन्सोलचं नाव बदलायला विसरू नका. पीसीवर टीटीवायएस०, एआरएमच्या 'व्हर्ट' यंत्रावर टीटीवायएएमए०. माझ्याकडे एक नवखा मुलगा अख्खी दुपार 'कर्नल उठतच नाही' म्हणून बसला होता. कर्नल उठला होता, दुसऱ्याच खिडकीशी बोलत होता. क्यूईएमयूला तुमचा काटा कळणार नाही, तेव्हा टेबलावर तिन्ही तऱ्हेची एकेक खरी पेटी हवीच. रीबूटनंतर स्क्रिप्टनं यूनेम -आर पॅकेजच्या नावाशी ताडून बघायचं. जुळलं नाही, तर पुढच्या केंद्रांना पॅकेज जाता कामा नये.

प्रश्न : पाय ४ वर 'यूनेम -एम' एआर्च६४ सांगतं, म्हणून आमची इन्स्टॉल स्क्रिप्ट एआरएम६४ पॅकेज आणते. पण डीपीकेजी म्हणतं, 'हे या यंत्राचं नाही.' कोण खोटं बोलतंय? (पुणे)

उत्तर : कोणीच नाही. तुमच्या कार्डावर ३२-बिटची रास्पबेरी पाय ओएस आहे. २०२३ पासून ती पाय ४ वर ६४-बिट कर्नल आपणहून उठवते, वरचे प्रोग्राम मात्र ३२-बिटच राहतात. यूनेम कर्नलबद्दल सांगतं, डीपीकेजी घरातल्या बाकी सामानाबद्दल. पॅकेज निवडायला नेहमी 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' विचारा, यूनेमला नाही.

अशीच हेडर पॅकेजचीही (बाहेरचं मॉड्यूल बांधायला लागतं ते) गंमत होते. इंटेल यंत्रावर क्रॉस-कंपाइल करून एआरएमचं लिनक्स-हेडर्स बनवलं, की जुन्या कर्नलांत त्याच्या पोटात फिक्सडेप आणि मॉडपोस्टसारखे प्रोग्राम इंटेलचेच जायचे. पेटीवर बाहेरचं मॉड्यूल बांधायला गेलं, की 'एक्झेक फॉरमॅट एरर'. अलीकडच्या आवृत्त्यांत हे सुधारलंय. डेबियननं ते प्रोग्राम लिनक्स-केबिल्ड नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवून आधीच वाट काढली होती.

प्रश्न : मी आणि सहकाऱ्यानं एकाच सोर्समधून, एकाच कॉन्फिगनं, एकाच कंपायलरनं कर्नल बांधला. तरी शा२५६ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळत नाही. ऑडिटवाले विचारतात, काय सांगू? (ठाणे)

उत्तर : सांगा, की कर्नल आपल्या पोटात जन्मवेळ, बांधणाऱ्याचं नाव आणि गाव (म्हणजे त्याच्या यंत्राचं नाव) लिहून ठेवतो. 'यूनेम -व्ही' करून बघा, तारीख दिसेल. केबिल्ड_बिल्ड_टाइमस्टॅम्प, केबिल्ड_बिल्ड_यूजर आणि केबिल्ड_बिल्ड_होस्ट ही तीन चलं दोघांनी सारखी ठेवा. शिवाय तारखेआधीचा तो '#१' बांधणीचा क्रमांक असतो. तुम्ही त्याच फोल्डरात तिसऱ्यांदा बांधलं असेल तर तुमचा '#३' असेल, म्हणून केबिल्ड_बिल्ड_व्हर्जनही ठरवून द्या. पॅकेजमधल्या फाइलींच्या तारखांसाठी सोर्स_डेट_इपॉक आहे.

इतकं करूनही जुळलं नाही, तर मॉड्यूलांच्या सह्या बघा. सही करायचा पर्याय चालू असेल आणि किल्ली दिलेली नसेल, तर प्रत्येक स्वच्छ बांधणीत नवी किल्ली तयार होते. दोघांच्या किल्ल्या वेगळ्या, म्हणून प्रत्येक मॉड्यूल वेगळं. एक तर कायमची किल्ली ठेवा आणि ती सांभाळा, किंवा सही न केलेल्या फाइलींची बेरीज जुळवा आणि सही नंतर करा. मला दुसरं पटतं. किल्ली बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देऊन ऑडिटवाल्यांना सामोरं जाणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

प्रश्न : पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रिस्क-व्ही (खुल्या आराखड्याचा प्रोसेसर) बोर्ड घ्यायचा आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा या प्रोसेसरांबद्दल वाचलं. पण बोर्ड महाग वाटतो. (नांदेड)

उत्तर : आत्ता घेऊ नका. क्यूईएमयूचं रिस्क-व्ही 'व्हर्ट' यंत्र फुकट आहे आणि प्रोजेक्टच्या पहिल्या सत्राला पुरेल. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-व्ही६४ अधिकृत आहे, क्रॉस-कंपायलर नेहमीच्या एपीटीनं मिळतो. वरच्या कऱ्हाडकरांच्या उत्तरातला नावांचा तक्ता घ्या आणि त्यात चौथी ओळ लिहा. फक्त ती ओळ घालून, स्क्रिप्टला हात न लावता रिस्क-व्हीचं पॅकेज निघालं, तर स्क्रिप्ट चांगली. बाहेरच्या परीक्षकांना दाखवायला एवढं भरपूर आहे. बोर्ड घ्यायचाच, तर आधी मूळ कर्नलमध्ये त्याची डिव्हाइस ट्री आली आहे का ते बघा. विकणाऱ्यानं दिलेल्या जुन्या, पॅचांनी फुगलेल्या झाडावरच तो चालत असेल तर नको.

प्रश्न : आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवतो, पंख्याचा आवाज माजघरापर्यंत येतो. विचारलं की म्हणतो, 'आई, कर्नल बांधतोय.' हे खरं असू शकतं का? (सातारा)

उत्तर : असू शकतं हो. डिस्ट्रिब्युशनच्या कॉन्फिगमध्ये हजारो मॉड्यूल असतात, जुन्या लॅपटॉपला ते सगळे बांधायला कित्येक तास लागतात. उद्या सकाळी चहा देताना सहज विचारा, ''लोकलमॉडकॉन्फिग का नाही करत रे?'' ती आज्ञा त्या लॅपटॉपवर खरोखर चालू असलेली मॉड्यूलच ठेवते, मग काम रात्रभर चालत नाही. तो चपापून म्हणाला, ''पण दुसऱ्या बोर्डासाठी बांधतोय, तिथे ती तशीच चालत नाही,'' तर पोरगं खरंच कर्नल बांधतंय. नुसतं ''हं'' म्हणाला, तर वायफाय अकराला बंद करा.